फुईला झेलणारी हवी

१४ नोव्हेंबर

...आणि हो, माइक खराब नव्हताच. तेवढं काल लिहायचं राहिलं. मी त्याच्या पाठीत गात होते. ऑनलाइन मिळतो त्यातला सगळ्यात स्वस्त माइक, त्यालासुद्धा पुढची आणि मागची बाजू असते हे मला कुणी सांगितलंच नाही. इतके दिवस मी त्याच्या पाठीशी बोलत होते आणि वरून त्यालाच शिव्या घालत होते.

आज तोंडाकडून गायले. मग हेडफोन लावून ऐकलं आणि परत पहिल्यापासून लावलं.

आपल्या घरात एवढे आवाज आहेत? फ्रिज सतत घुंई करतो. पंखा प्रत्येक फेरीला एकदा टक् म्हणतो. मम्मीच्या बांगड्या स्वयंपाकघरात आहेत की बाहेरच्या ओट्यावर हे कळतं. लांब पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळवायच्या मैदानावर, बाया मिरच्या पसरवत होत्या, त्यांचं हसणंसुद्धा आलंय. या सगळ्याच्या मधे मी, मीच लिहिलेलं एक इंग्लिश गाणं म्हणतेय आणि शेवटच्या ओळीला खोकतेय. मिरचीचा सीझन आहे. वारा आमच्या बाजूला वळला की पूर्ण गल्ली खोकते. नंदुरबारमध्ये राहायचं म्हणजे हे आलंच.

स्क्रीनवर आवाजाचं चित्र उमटतं. माझं गाणं म्हणजे कापणी झालेलं शेत, एकदम सपाट. खोकला म्हणजे सातपुडा.

मम्मीने मागून बघितलं. म्हणाली, "इंग्लिश मिडीयमले घालं तुले, ते खोकाना आवाज भराले का?"

ही डायरी मराठीत लिहायचं कारण हेच. शाळेत मराठी एक तास असायचं, घरी सगळे अहिराणी बोलतात, आणि मी आपली दोन्हीच्या मधे. पण मम्मीचं बोलणं इंग्लिशमध्ये लिहिलं की ती दुसऱ्याच कुणाची तरी मम्मी वाटते. चुका असतील त्या असू देत.

१७ नोव्हेंबर

स्टुडिओ झाला! मागची छोटी खोली. खाट भिंतीला टेकवून उभी केली, तिच्यावर गोधड्या टाकल्या, दाराला चादर, खिडकीला मम्मीचा जुना शालू. मधे मी, लॅपटॉप आणि माइक. टाळी वाजवली की खोलीत घुमतच नाही, हवेत विरघळून जाते. कितीतरी वेळा वाजवली.

सगळ्यात भारी शोध म्हणजे लोडशेडिंग. दुपारी लाईट गेली की फ्रिज बंद, पंखा बंद, शेजारच्यांचा टीव्ही बंद, आणि पथारीवरच्या बाया जेवायला बसलेल्या. लॅपटॉपला बॅटरी आहेच. आयुष्यात पहिल्यांदा मी लाईट जायची वाट बघतेय.

संध्याकाळी फुई आली. मंगला फुई, पप्पांची मोठी बहीण. तिचं सासर मागच्याच गल्लीत, त्यामुळे माहेरी यायला तिला चप्पलसुद्धा घालावी लागत नाही. दारातच थांबली.

"अय जागृती, खाट उभी कसाले करी? घरमा कोनी गया का?" (आमच्याकडे घरात कुणी वारलं की खाट उभी करतात.)

"फुई, स्टुडिओ शे हाई."

"स्टुडिओ! मी म्हनं एखादी बाळंतीन बसाडेल शे, एवढ्या गोधड्या." आणि हसली. फुई हसली की गळ्यावरची ती गाठ वरखाली होते. आधी सुपारीएवढी होती, आता मोठी दिसते.

२१ नोव्हेंबर

गाठीचं ऑपरेशन करायचं ठरलं. पुढच्या महिन्यात, सुरतला. नवनीतदादा, म्हणजे फुईचा मुलगा, रिपोर्ट घेऊन आला होता. गाठ साधी आहे, घाबरायचं कारण नाही. पण आवाजाची नस तिला अगदी चिकटून जाते म्हणे. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचा आवाज नीट येतो. काहींचा घोगरा होतो. आणि काही जणांना वरचे सूर लागत नाहीत नंतर.

फुई चहा पीत होती. म्हणाली, "माले काय करानं शे वरना सूर? आते कोन बलावस माले गाना म्हनाले?"

सगळे म्हणाले, हो, बरोबर आहे, तब्येत महत्त्वाची.

पण मी फुईचा आवाज ऐकून मोठी झालेय. गल्लीत कुणाचीही हळद असो, फुई गायला लागली की पथारीपर्यंत ऐकू जायचं, विदाउट माइक. मी लहानपणी तिच्या मांडीवर झोपायचे तेव्हा गाणं तिच्या पोटातून माझ्या कानात यायचं. तो आवाज पुढच्या महिन्यानंतर असेलच याची गॅरंटी नाही, आणि माझ्याकडे माइक आहे! मला समजलंय मी हे सगळं कशासाठी आणलं होतं. माझं इंग्लिश गाणं गेलं खड्ड्यात.

२४ नोव्हेंबर

फुई नाही म्हणाली.

मी खूप समजावलं. खोली दाखवली, खुर्ची दिली, गुळाचा चहा दिला. चहा घेतला आणि नाही म्हणाली.

"एकटी बाई गाना म्हने, ते गानं ऱ्हास का? ते रडनं ऱ्हास."

"फुई, गायक लोके एकटाच गातस ना?"

"त्यासना मांगे बाजा ऱ्हास. मन्हा मांगे कोन शे? तुन्ही गोधडी?"

शेवटी फक्त मशीन कसं चालतं ते बघायला ये, एवढ्यावर मानली. उद्या पथारीवाल्यांच्या जेवणाच्या वेळी.

२५ नोव्हेंबर

हे मी कसं लिहू? प्रयत्न करते.

फुई बसली. पदरावरूनच हेडफोन घातला. मी म्हटलं काहीही म्हण, आवाज येतो का ते बघू. तिने डोळे मिटले आणि हळदीचं धरलं:

हयद दयनी दारमा, वास गया वनमा...

आणि दचकून थांबली. मागे वळून बघितलं. मागे उभी खाट.

"कोन शे वं?"

"कोठे कोन?"

"कोनीतरी झेली ऱ्हायनं."

तिने परत तीच ओळ म्हटली, शेवटचा सूर सोडला आणि कान टवकारले. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधीच पाहिलेलं नाही. लहान मुलीला अंधारातून कुणीतरी 'भो' केल्यावर आधी भीती आणि मग ओळख पटल्यावर हसू येतं ना, तसं. मग ती गायलाच लागली. एकामागून एक ओळी. प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबायची, ऐकायची, मान डोलवायची, पुढची ओळ धरायची.

तेवढ्यात माझी ट्यूब पेटली. माइकमधला आवाज लॅपटॉपमध्ये शिरतो आणि तिथून फिरून हेडफोनमध्ये येतो. त्या फिरण्याला जरा वेळ लागतो. माझा लॅपटॉप जुना, म्हणून जास्तच. त्यामुळे तिचा स्वतःचाच आवाज तिला उशिरा, पाठीमागून आल्यासारखा ऐकू येत होता. याला लेटन्सी म्हणतात. हा फॉल्ट असतो.

आणि मी मूर्ख, मी तिला थांबवलं! "सॉरी फुई, फॉल्ट शे. दुरुस्त करी देस."

सेटिंग बदलली, तो मागून येणारा आवाज बंद केला. तिने परत एक ओळ म्हटली. थांबली. बराच वेळ ऐकत राहिली.

"गई का ती?"

"कोन?"

हेडफोन काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि घरी गेली.

२६ नोव्हेंबर

मम्मीला विचारलं, झेलणं म्हणजे काय. मम्मीने मिरच्या निवडता निवडता सांगितलं.

आमच्याकडे हळदीची गाणी जोडीने म्हणतात. एक बाई ओळ सोडते. दुसरी त्या ओळीचं शेपूट पकडते आणि त्याला आपली नवीन अर्धी ओळ जोडून परत फेकते. मग पहिली तिचं शेपूट पकडते. असं पोळ्या लाटल्यासारखं चालू राहतं. जी पकडते ती झेलणारी. ती काय जोडेल हे पहिलीला माहीत नसतं. ती चिडवते, शेजारणीचं नाव घुसवते, कधी नवरदेवाच्या आईला टोमणा मारते. म्हणून मजा येते.

फुईची झेलणारी सुंदरबाई. दोघी एकाच वर्षी नवऱ्या होऊन मागच्या गल्लीत आल्या. मला ती अंधुक आठवते, मोठी बाई, आवाज जाड. मुलाने खापर गावात पाइपांचं दुकान टाकलं तेव्हा ती तिकडे गेली. मागच्या वर्षी तिच्या मुलीचं लग्न झालं, तिकडेच. पत्रिका नवनीतदादाच्या मोबाइलवर आली.

"तुन्ही फुई पिशवी भरीसन दारमा बठेल व्हती," मम्मी म्हणाली. "गानारीले कुंकू लाईसन बलावतस. कोनी ऊनंच नही. मंग ती पन गई नही. तवयपासून कोठेच गाना म्हनत नही."

बस? एवढंच? एका कुंकवाच्या बोटासाठी? पत्रिका मोबाइलवर आली म्हणजे बोलावणं आलंच ना. मी मम्मीला तसं म्हटलं. मम्मी माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुले समजाव नही."

१ डिसेंबर

फुईला मी स्वतःहून सांगितलं: तुझ्या मागे तूच झेल. आधी एका ट्रॅकवर सोडणारीच्या ओळी म्हण, मग मी त्या कानात लावते, त्यावर दुसऱ्या ट्रॅकवर झेलणारीच्या म्हण. कॉम्प्युटरमध्ये एक माणूस पाच जण होऊ शकतो. ती तोंडाला पदर लावून हसली. पण आली.

आणि झालं! खरंच झालं! दोन फुई! एक डाव्या कानात, एक उजव्या कानात. मी उड्याच मारत होते. खोलीत एकच बाई बसलेली आणि हेडफोनमध्ये दोघी एकमेकींना गाणं देतायत. माणसाने चंद्रावर वगैरे जायची काय गरज आहे, सगळं इथेच आहे!

फुईने पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "हाई तर मीच शे."

"हा मंग!"

"ती काय म्हनी ते माले आधीच ठाऊक शे. मंग मी कसाले आयकू?" हेडफोन माझ्या हातात दिला. "आपलाच बोल आपनच झेलाना, ते आपलंच उष्टं खावानासारखं शे, बेटा."

मी हिरमुसले. मग तिनेच विचारलं, "तुन्हं मशीनले गप बठता येस का?"

"म्हंजे?"

"मी म्हनसू. मंग मी थांबसू. तवय त्यानी पन गप बठानं. मधमा बंद नही करानं."

३ डिसेंबर

हे कुणीतरी ऐकायला पाहिजे. कुणीतरी माझ्याशेजारी बसून ऐकायला पाहिजे, कारण मी एकटी ऐकतेय आणि मला भीती वाटतेय की मी वेडी झालेय.

फुई आता एक ओळ म्हणते. मग गप्प बसते. बरोबर एका ओळीएवढी. डोळे मिटलेले, मान जराशी डावीकडे. मग पुढची ओळ म्हणते. आज मी घरी एकटीने ऐकत होते तर लक्षात आलं, तिची पुढची ओळ भलत्याच शब्दांनी सुरू होते. बघा:

हयद दयनी दारमा, वास गया वनमा...

(गप्प.)

मोर ऊना अंगनमा, पिसारा त्याना फुलना...

मोर कुठून आला? पहिल्या ओळीत मोर नाहीच! म्हणजे मधल्या रिकाम्या जागेत कुणीतरी 'वास गया वनमा वं, मोर ऊना अंगनमा' असं म्हटलं, फुईने ते ऐकलं आणि त्याचं शेपूट पकडलं. माझ्या माइकला ते ऐकू आलं नाही. फुईला आलं.

मी ती रिकामी जागा स्क्रीनवर मोठी केली. सरळ रेष दिसते, पण अगदी सरळ नाही. आवाज वाढवला, अजून वाढवला, पार टोकाला नेला. आधी पथारी आली, लांबून. मग फुईचा श्वास. आणि श्वासाखाली, मिटलेल्या ओठांमागे, ती गुणगुणतेय. स्वतःच्या सुरात नाही. खाली, जाड.

मी तेवढीच जागा परत परत लावली.

आणि सकाळीच मी काय केलं होतं माहितेय? सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आहे, नको असलेला आवाज पुसायचं. सगळं स्वच्छ करू म्हणून मी ते दाबून ठेवलं होतं. त्या फाइलमध्ये रिकाम्या जागा खरंच रिकाम्या आहेत, धुतलेल्या ताटासारख्या. नशीब, मूळ फाइल जपून ठेवली होती. ते बटण मी परत कधीही दाबणार नाही.

११ डिसेंबर

रोज दुपारी लाईट गेली की फुई येते. काल लाईट गेलीच नाही तर तिनेच मेन स्विच पाडला. पप्पा आंघोळीला गेलेले, आतून ओरडले, "गीझर कोनी बंद करं रे?" फुई तोंडावर बोट ठेवून खोलीत घुसली. साठीला आलेली बाई!

हळदीची झाली, तेलवणाची झाली, पाठवणीची झाली. पाठवणीच्या वेळी पथारीवरून जोरात ठसका आला. मी पुढे, फुई मागे, दोघी खोकत खोकत अंगणात. तिला पाणी दिलं. तिने गळ्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

"दुखस का फुई?"

"नही वं. शे का ते देखी ऱ्हायनी."

गाठ आहे का ते बघत असेल.

१७ डिसेंबर

उद्या सुरत. आज शेवटचं रेकॉर्डिंग.

फुई नवी साडी नेसून आली होती. मी म्हटलं, फोटो नाही काढत आहे, आवाजच आहे. म्हणाली, "मंग काय झायं."

सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटी ती जरा थांबली आणि मी आधी न ऐकलेली एक ओळ म्हटली. सूर खूप वर नेला, इतका वर की स्क्रीनवरचं चित्र लाल झालं.

कुंकू सुकनं करंडामा, वाट देखी देखी...

आणि गप्प. मी वाट बघत राहिले. या वेळी पुढची ओळ आलीच नाही. तिने हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळली.

"बस. झायं."

काय ओळ आहे! करंड्यात कुंकू सुकलं! जुन्या बायकांना हे सुचायचं कसं? मी विचारलं ही कुठल्या गाण्यातली. म्हणाली, ह्याच. मी फाइलला नाव दिलं, 'हळद शेवट पारंपरिक'. मग आवाज वाढवून गुणगुणणं शोधलं. या जागेत काहीच नाही. नुसता श्वास.

२४ डिसेंबर

फुई घरी आली. ऑपरेशन चांगलं झालं, गाठ साधीच होती. सगळे खूश. मीपण.

गळ्याला पट्टी आहे. बोलते तेव्हा हवाच जास्त येते, शब्द कमी, सुक्या पानांवरून कुणी चालल्यासारखं. डॉक्टरांनी सांगितलंय की पुढच्या तपासणीपर्यंत कमी बोलायचं, जोर लावायचा नाही, गाणं तर अजिबात नाही. नस दमलेली आहे, तिला आराम मिळाला तर आवाज परत येऊ शकतो. ताण दिला तर सांगता येत नाही.

फुई हातवारे करून सगळ्यांची नक्कल करते. नवनीतदादा म्हणतो, "आते घरमा शांती शे," आणि लगेच आत जाऊन डोळे पुसतो. मला दिसलं.

५ जानेवारी

खापर! आज खापरला जाऊन आले.

आयडिया माझीच. रिकाम्या जागा आहेत आणि ज्या बाईच्या आहेत ती जिवंत आहे, मग काय प्रॉब्लेम आहे? नवनीतदादाला पटवलं. तो म्हणाला, "माय माले घरमाईन काढी," पण बाइक काढली. लॅपटॉप पोटाशी धरून, मफलर गुंडाळून, तळोदा, अक्कलकुवा, खापर. गुजरातचं पासिंग असलेल्या गाड्या दिसायला लागल्या की समजायचं आलं.

सुंदरबाई दुकानातच होती, पाइपांच्या मधे खुर्ची टाकून. नवनीतदादाला बघितलं आणि उभीच राहिली. ना या, ना बसा.

"तिले काय झायं?"

दादाने सगळं सांगितलं. ती ऐकत होती, हाताने एक एल्बो, म्हणजे पाइपाचा वाकडा जोड, फिरवत होती. मग म्हणाली, "माले कोन सांगी? मी तिनी कोन लागस?"

मी घाबरत घाबरत म्हटलं, "मावशी, फुईना गाना आनेल शे. आयकशी का?"

"कोनी आंडेर तू?"

"गिरधरभाऊनी," मी पप्पांचं नाव सांगितलं.

"मंगलानी भाची! मुतरी व्हती नही का तू मन्हा शालूवर?" हे ती पूर्ण दुकानासमोर बोलली. दोन गिऱ्हाइकं हसली. मला पाइपात शिरावंसं वाटलं.

हेडफोन घातला. मी फाइल लावली. तिने डोळे मोठे केले, "कानमाच बठेल शे मंगला!" आणि पहिली ओळ संपताक्षणी, मी काहीही सांगायच्या आत, तिने झेललं:

वास गया वनमा वं, मोर ऊना अंगनमा!

एवढ्या मोठ्याने की रस्त्यावरची जीप थांबली. कानात हेडफोन असला की माणसाला आपला आवाज कळत नाही. मोर! तोच मोर! मी सुन्न. आणि अशी सुन्न की रेकॉर्डचं बटण दाबायचंच विसरले!

परत पहिल्यापासून केलं. दुकानाच्या आवाजात, पाइपांच्या खडखडाटात. एक गिऱ्हाईक म्हणालं, "काकू, तो एल्बो द्या ना." ती म्हणाली, "थांब रे भो, बारी चालू शे."

स्क्रीनवर मी बघत होते. वर फुईचा आवाज, खाली सुंदरबाईचा. वरचा डोंगर संपतो तिथे खालचा सुरू. एकही एकमेकांवर चढत नाही. ज्या जागा मी इतके दिवस रिकाम्या बघितल्या त्या एकेक करून भरत होत्या, आणि मापात. इतक्या वर्षांचं माप दोघींच्या छातीत तसंच आहे. मला देवळात उभं राहिल्यासारखं वाटलं, पाइपांच्या दुकानात.

मग शेवटची ओळ आली. कुंकू सुकनं करंडामा.

ती थांबली. झेललं नाही.

"फिरी लाव."

परत लावली. परत ऐकली.

"हाई गानामा नही."

मी म्हटलं, "पारंपरिक शे मावशी, फुईनी सांगं."

"कसानं पारंपरिक! हाई माले म्हनेल शे तिनी." हेडफोन कानावर तसाच, डोळे भरलेले, आणि आवाज चढलेला. "घरनी बाईले कुंकू लाईसन बलावतस का? आं? परकी शे का ती? हयद कांडाले सुरवात व्हई का मंगला येई, मी आसं समजनू. सगयासले म्हनं, थांबा, मन्ही जोडीदारीन येई ऱ्हायनी. दोन दिन दार लावं नही मी!"

नवनीतदादा पाइप मोजायला लागला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

सुंदरबाईने नाक पुसलं, मला म्हणाली, "लाव." फुईची ओळ संपली आणि ती म्हणाली, या वेळी अगदी हळू:

वाट देखी देखी वं, दार व्हतं उघडं...

हेडफोन काढला. मी म्हटलं, पुढे? म्हणाली, "मोरे काय? आते बारी तिनी. 'दार व्हतं उघडं' आठून तिनी धरानं. ती झेलाव नही तवलोंग मी तोंड उघडाव नही."

मी विचारलं, तुम्हीच का येत नाही नंदुरबारला? ती म्हणाली, "बारी तिनी शे ना?" आणि गिऱ्हाइकाला एल्बो दिला.

६ जानेवारी

सकाळपासून ती फाइल तयार आहे. दोघींचे आवाज जुळवायची गरजच पडली नाही, मी फक्त शेजारी ठेवले. मम्मीने ऐकली, अर्धी भाकरी तव्यावर जळाली.

मम्मी म्हणते, आत्ताच ऐकव. "आवाज काय, ऱ्हायना त ऱ्हायना. बाई यावाले पायजे." नवनीतदादा म्हणतो, अजिबात नाही, तपासणी होऊ दे. "तुले मन्ही माय ठाऊक नही. मोकळी ओळ तिनाकडथून ऱ्हावाव नही. गळाले टाका शेत तरी ती झेली."

दोघंही बरोबर आहेत, हाच तर प्रॉब्लेम आहे. मी तिला गप्प बसताना पाहिलंय. ती गप्प बसते तेव्हाही ओठांमागे गातच असते. 'दार व्हतं उघडं' कानात पडलं की ती सुराला हात घालणारच, आणि तोही वरच्या. तो लागला नाही तर? किंवा एकदाच लागला आणि मग कायमचा गेला तर? पण नाही ऐकवलं, तर ती रोज तशीच बसून राहणार, कुणीच आपलं झेललं नाही असं समजून. आणि तिकडे सुंदरबाईपण तोंड मिटून.

दुपारी लाईट गेली. फुई आली. बोलली नाही. खोलीत जाऊन खुर्चीवर बसली, लॅपटॉपकडे बोट दाखवलं, मग कानावर हात ठेवला. माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हटलं, बॅटरी संपलीय.

तिने मान हलवली. पण उठली नाही. अजून तिथेच बसलीय, आणि मी बाहेर ओट्यावर बसून हे लिहितेय. लॅपटॉपची बॅटरी फुल आहे. हे वाचणारं जे कुणी असेल, तुम्हीच सांगा, तुम्ही माझ्या जागी असतात तर आत जाऊन तिच्या कानाला हेडफोन लावला असता का?